हँडल धरायचा मान

चढावर सायकल ढकलत जाणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले होते. मान खाली घालून ढकलत असतात, आणि मागून बाईमाणसाच्या सायकलची घंटी वाजली की एकदम कडेच्या बाभळीत काहीतरी हरवल्यासारखं शोधू लागतात. हा मात्र ढकलता ढकलता खुशाल शीळ घालत होता.

मी घंटी वाजवली. त्यानं वळून पाहिलं, सायकल बाजूला घेतली आणि डोक्यावरची टोपी काढून मला वाट दिली. जणू कलेक्टरचीच गाडी चालली होती.

माणूस नवा दिसला की मनातल्या मनात त्याची जमा आणि नावे बाजू मांडायची, ही माझी जुनी खोड. नावे बाजू मी आधी लिहिते. याची बरीच निघाली : मुरमाच्या रंगाचा झालेला शर्ट, वाढलेली दाढी, कॅरिअरवर वरातीच्या सामानाएवढा पसारा. गुंडाळलेली सतरंजी, जेवणाचा डबा, कॅनव्हासची थैली. आणि थैलीच्या फाटक्या कोपऱ्यातून डोकावत होते चक्क दगड! आमच्या भागात दगड बाहेरून आणणारा माणूस म्हणजे नदीला पाणी पाजणारा.

जमेला काय होतं? डोळे होते. पण डोळ्यांवर मी लगेच विश्वास ठेवत नाही. जागा रिकामी ठेवली.

"बाई, दम लागत नाही का तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"लागतो. रस्त्यात दाखवत नाही."

चढावर थांबलं की पुन्हा पायडलवर जोर धरत नाही, म्हणून मी नागमोडी, सावकाश वर सरकत होते. तो शेजारून ढकलत जवळजवळ धावत होता.

"मलाही चढता आलं असतं," तो म्हणाला, "पण मी हे डोंगराचे कडे बघत चाललोय. पायी नीट दिसतात."

"हो का? उतारावर दिसत नसतील!"

तो हसला. खोटं पकडल्यावर हसणारा माणूस... हेही जमेला धरावं का, याचा मी विचार करत होते, तेवढ्यात त्यानं रस्त्यासाठी कापलेल्या काळ्या कड्याकडे बोट केलं.

"हे थर पाहिलेत? भाकरींची चवड रचावी तसे. ही सगळी जमीन पोटातून वर आलेली आहे... तापलेली, वितळलेली, पाण्यासारखी वाहत. ओतली, थिजली, वरून पुन्हा ओतली. तुमची सायकल आत्ता थिजलेल्या आगीवरून चालली आहे, बाई."

"आमच्या गावची माणसं बघून मला शंका होतीच," मी म्हटलं. "पण ही थिजलेली आग फोडली कोणी, माहीत आहे? पुंजाजी मुकादमांच्या टोळीनं. सुरुंग लावून, घण घालून. माझे बाबा. तुमच्या पुस्तकात त्यांचं नाव नसेल."

तो क्षणभर शीळ घालायचंही विसरला. "नाही," म्हणाला, "असायला पाहिजे होतं."

रिकाम्या जागेत मी पहिली ओळ लिहिली.

नाव इंद्रभान. नागपूरला दगडांचं शास्त्र शिकत होता. नागपूरहून सायकलनं निघाला होता. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव करत आता लोणारच्या तळ्याला जायचं होतं, वाटेतला डोंगर न् डोंगर बघत. "एस.टी.तून दगड दिसत नाहीत," असं त्याचं म्हणणं. एवढं सांगून झाल्यावर मात्र पुरुषाची जात जागी झाली.

"आणि हे ढकलणं मनावर घेऊ नका. मनात आलं ना, तर मी दिवसरात्र सायकलवरून उतरणार नाही."

"मनात कधी येतं? चढ संपल्यावर?"

तो काही म्हणायच्या आत मी माथ्यावर पोचले. पलीकडे उतार होता, उताराखाली केनवड. माझ्या लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून बाबांनी जाळी लावून दिली होती. ती जाळी झणझणत मी अशी काही उतरले, की मागे वळून बघण्याचा प्रश्नच आला नाही. तरी एकदा पाहिलं. टोपी अजून हातातच होती.

*

मी खालच्या तांड्यावर शाळेत शिकवत होते. आमच्या वस्तीतली पहिली मास्तरीण, आणि अख्ख्या केनवडात सायकल चालवणारी पहिली बाई. दोन्ही गोष्टींचा मला गर्व होता आणि मी तो झाकत नसे. नोकरी लागली तेव्हा बाबा म्हणाले होते, "बाबासाहेबानं शिका म्हनलं, चालत जाऊन शिकवा असं नाई म्हनलं," आणि अकोल्याहून सायकल आणली होती.

त्या दिवशी बाजार होता आणि बाजाराच्या मैदानात गाव गोळा झालं होतं. त्या वर्षांत न थांबता सायकल चालवणाऱ्यांचं वेड गावोगाव पसरलं होतं. चुन्यानं मोठं रिंगण आखायचं, कडेनं बांबू आणि पताका लावायच्या, भोंग्यावर गाणी वाजवायची. आणि मधे एक माणूस दिवसरात्र गोल गोल सायकल चालवणार. जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर, दाढीसुद्धा सायकलवर! मागच्या महिन्यात शेलूबाजारला असा खेळ झाला होता आणि तिथली माणसं अजून मिशीला पीळ देत होती. आमच्या देवमनभाऊंना ते सहन होईना. देवमनभाऊ म्हणजे चहाच्या हॉटेलचे मालक आणि गावच्या तरुण मंडळाचे अध्यक्ष. तरुणपण सरलं तरी अध्यक्षपद सरलं नव्हतं. त्यांनी धरमसिंग नावाच्या नामी सायकलवाल्याला निरोप धाडला होता. धरमसिंगाला गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. दुपारपर्यंत येणार होता. दुपार टळली, वाजंत्री वाजवून वाजवून दमली, धरमसिंगाचा पत्ता नाही.

आणि तेवढ्यात उतारावरून एक सायकल आली. सामानानं लादलेली. वर टोपीवाला, धुळीनं माखलेला माणूस.

"आला रे!" देवमनभाऊ ओरडले.

वाजंत्री वाजायला लागली. इंद्रभान काय चाललंय ते बघायला म्हणून थांबला, आणि त्याच्या गळ्यात हार पडला. पोरं सायकलला झोंबली, कोणी कॅरिअरवरचं सामान सोडलं, कोणी त्याच्या कपाळाला गुलाल फासला.

मी गर्दीतून पुढे झाले. "देवमनभाऊ, हे ते नाहीत! हे लोणारला चाललेले आहेत."

"बाई, तुमाले काय मालूम?" देवमनभाऊ म्हणाले. "सायकल हाये, सामान हाये, हार घातला तं घालून घेऊन राह्यला. आनखी काय पाह्यजे?"

"अहो, मी खरंच..." इंद्रभान हाराच्या वरून डोकं काढत म्हणाला.

आता माझं काय चुकलं? मी त्याची सुटकाच करत होते. मोठ्यानं म्हटलं, "अहो, हे काय दिवसरात्र फिरणार! आत्ता चढावर सायकल ढकलत होते!"

गर्दीत जी काही खसखस पिकली!

इंद्रभानच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, कोणी पैज मारल्यावर माणूस बघतो तसं. मग हार नीट केला, टांग टाकली आणि सायकलवर बसला.

"चुन्याची रेघ कुठून सुरू होते?" त्यानं विचारलं.

*

या खेळाचा एक नेम होता आणि तो आमच्या शेजारच्या चंपाबाई त्याला रिंगणाच्या कडेनं चालत चालत सांगत होत्या. चंपाबाईंना दुसऱ्याच्या संकटात फार उत्साह येतो.

"आता खाली पाय टेकाचा नाई, बरं काय बावा! घरचं मानूस येऊन हँडल धरीन, तवाच उतराचं. माय, बहीन, नाई तं बायको. शेलूबाजारले त्याची माय आली होती, लुगडं नेसून, वाजतगाजत! आपून होऊन पाय टेकला तं गावाची मान खाली जाते."

"आणि घरचं माणूस आलंच नाही तर?"

"मंग फिर!" चंपाबाई म्हणाल्या. "गावाले काय, तिकीट थोडीच हाये."

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा तोंड धूत होते. अंगावर खडीची पांढरी धूळ, हातांना घणाचे घट्टे.

"पोट्टा कसा चालवते?" त्यांनी विचारलं. बातमी आधीच पोचली होती.

"गोल चालवतो."

"सरळ तं कोनीबी चालवते, रुख्मा. मानूस वळनावर समजते." आणि टॉवेल खांद्यावर टाकून तेही बघायला गेले. परत आल्यावर भाकरी जास्त खाल्ली. बाबांना एखादी गोष्ट पसंत पडली की ती अशी पोटातूनच कळते.

*

सकाळी शाळेला निघाले. मैदानावर धुकं होतं. भोंगा बंद, राखणीला बसलेले दोघेजण घोंगडीत गुडूप. धुक्यात फक्त एका चेनचा आवाज... किर्र, किर्र... आणि त्यातून तो आला. अंगावर कोणाची तरी वाकळ, डोळे तांबारलेले, हाराची फुलं कोमेजून दोराच उरलेला. पायडल एवढ्या सावकाश, की सायकल पडत कशी नव्हती देव जाणे.

मी रेघेपाशी उभी राहिले. जवळ आला तेव्हा म्हटलं, "उतरा आता. कोणी बघत नाही."

उत्तर द्यायच्या आत तो पुढे गेला. रिंगण मोठं. पूर्ण फेरा मारून आला तेव्हा म्हणाला, "तुमी पाहून राह्यल्या नं!"

मी चमकले. पुढच्या फेऱ्याला विचारलं, "तुम्ही वऱ्हाडी?"

"इंझोरीचा!"... आणि गेला.

"काल तर पुस्तकासारखं बोलत होतात!"

वाट बघितली. धुक्यातून आधी चेनचा आवाज, मग हँडल, मग हसू. "काल दम होता!"

मला हसू आवरेना. म्हणून मी रागावून विचारलं, "लोणारला कधी पोचायचं आहे?"

हे उत्तर लांब होतं, तीन-चार फेऱ्यांत तुकड्या-तुकड्यांनी मिळालं. उद्या सकाळी त्याचे सर नागपूरहून लोणारला येणार होते... तळ्याकाठचे दगड तपासायला... कोणी म्हणतं, ते तळं म्हणजे ज्वालामुखीचं तोंड... कोणी म्हणतं, आभाळातून पडलेल्या दगडानं केलेला खड्डा... त्या कामावर त्याचं नाव होतं. पोचला, तर सरांच्या हाताखाली नोकरी. इंझोरीतून असं काम मिळालेला तो पहिलाच.

"आणि नाही पोचलात तर?"

फेरा.

"दुसऱ्याचं नाव लागन."

"मग वेड लागलंय का? टेका पाय!"

तो पुढच्या फेऱ्याला म्हणाला, "हासले असते लोक मले तं टेकला असता. आता हासतीन ते तुमच्या गावाले. हार घातला त्यायनं. रातभर कोनी वाकळ आनली, कोनी दूध. कसा टेकू, बाई?"

ज्या गर्वावर मी एवढी वर्षं एकटीची मालकी समजत होते, तो या माणसाकडेही होता. आणि त्यानं तो दुसऱ्यांसाठी वापरला होता. मी तेवढं कधी केलं नव्हतं. जमेच्या बाजूला आता ओळी मावेनात.

"घरी निरोप धाडते इंझोरीला. तुमच्या आई येतील."

"माय एस.टी.नं निंगाली तरी उद्या दुपार." किर्र, किर्र... धुकं... आणि मग अगदी हळू, रेघेजवळून जाताना, "घरचं मानूस इथंच असतं तं बरं झालं असतं."

"शाळेला उशीर होतोय," मी म्हटलं.

"बाई..."

मी सायकल काढली. त्या दिवशी तांड्यावर दुसरीच्या वर्गाला मी सातचा पाढा शिकवला. पोरं म्हणाली, बाई, तो आठचा हाये.

*

दुपारी परतले तर मैदानावर मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि देवमनभाऊंचा चेहरा शिळ्या चहासारखा झाला होता. खरा धरमसिंग आला होता. वाटेत त्याच्या सायकलचा एक्सल तुटला, म्हणून एक दिवस उशीर. मिशा कानाशी भिडलेल्या, पण बोलणं मऊ. तो रेघेपाशी उकिडवा बसून इंद्रभानचं चालवणं निरखत होता.

"पोरगा नवा हाये," धरमसिंग म्हणाला. "पन हात सोडून दाखवत नाई, घमेंड नाई. चांगला हाये."

"धरमसिंगभाऊ, चुकी झाली," देवमनभाऊ कुजबुजले. त्यांची कुजबूज भोंग्याशिवायही सगळ्यांना ऐकू जाते. "पन हे शेलूबाजारात समजलं नाई पाह्यजे. याले उतरवून तुमाले चढवतो."

"रीतीनं उतरवा. रिंगन नासलं तं मी चढत नाई." धरमसिंगनं मान हलवली. "घरच्या मानसानं हँडल धरलं पाह्यजे."

देवमनभाऊ भोंग्यावर गेले. "इंद्रभान इंझोरीकर! तुमचं घरचं कोनी मानूस या पंचक्रोशीत हाये काय? असन तं सांगा!"

भोंगा खरखरला. गर्दी थांबली. इंद्रभानचे ओठ पांढरे पडले होते. मी बांबूला धरून उभी होते. तो माझ्यासमोरून गेला. माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

"हाये," तो म्हणाला. "पन तिले अजून इचारलं नाई."

मैदानात एवढा गलका मी पुन्हा कधी ऐकला नाही. "कोन रे बावा?" चंपाबाई रेघेत पाय घालून ओरडल्या. "नाव तं सांग!"

तो सावकाश एक फेरा फिरला. सगळं गाव त्याच्याबरोबर मान फिरवत होतं.

"नाव मी नाई सांगत," त्यानं उत्तर दिलं. "नाव तिचं हाये. तिले वाटलं तं येईन. नाई वाटलं तं मी फिरतो, जेवढं होईन तेवढं. तिचं नाव कोनाले मालूम होनार नाई."

आणि पुढे गेला.

मी उभी होते तिथेच उभी. लोणार त्याच्या हातून चाललं होतं, हे केवळ मला ठाऊक होतं. पुढे झाले तर? मास्तरीण, त्यात आमच्या वस्तीतली पहिली. माझी एक चूक म्हणजे पुढच्या दहा पोरींना शाळेचा उंबरठा बंद. "पाह्यलं नं, शिकून काय होते!" असं म्हणायला टपलेली तोंडं मी ओळखून होते; त्यातली दोन तर समोरच पान खात होती. भर मैदानात एका परक्या पुरुषाच्या हँडलला हात लावायचा म्हणजे उद्या परत उचलता येणार नाही असा हात. आणि नाही लावला तर? तर माझं नाव सुरक्षित, स्वच्छ... आणि तो फिरता फिरता कधीतरी पडणार, कोणाचंही नाव न घेता.

असला हिशेब मला कधी जमला नव्हता. दोन्ही बाजूंना मीच.

गर्दीच्या कडेला बाबा उभे होते. कामावरून तसेच आलेले, धुळीनं पांढरे. ते माझ्याकडेच बघत होते. किती वेळापासून, कोण जाणे. मी नजर चुकवली नाही. ते जवळ आले, वाकले आणि माझ्या सायकलचं मागचं टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"चाकात हवा हाये काय?" त्यांनी विचारलं.

"हाये, बाबा."

"मंग उभी काहून?"

*

मी पदर खोचला. टांग टाकून नाही, नेहमीसारखी सरळ बसून, पायडल मारून चुन्याची रेघ ओलांडली. भोंग्यावर देवमनभाऊ "अरे, कोन आत..." एवढंच म्हणाले. चंपाबाईंचं तोंड उघडं पडलं, आणि त्यातून काहीच आलं नाही. हा चमत्कार केनवडनं त्या दिवशी दोनदा बघितला असता तर गावात यात्रा भरली असती.

इंद्रभानच्या शेजारी आले. त्याची चाल सावकाश, माझी अधीर. दोन सायकली जुळवायला पाव फेरा लागला.

"उतरवाले आल्या?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "न्यायला आले. रिंगणात लोणार येत नाही."

आणि डावा हात सोडून मी त्याचं हँडल धरलं.

दोन सायकली, एक हात. तो डगमगला, मी डगमगले... "माझ्याकडे बघू नका, पुढं बघा," मी दटावलं. "बघून राह्यलो नं," तो म्हणाला, पण बघत माझ्याकडेच होता. पान खाणाऱ्या दोघांसमोरून जाताना मी मान आणखी ताठ केली. बघा म्हटलं, नीट बघा. उद्या सांगताना चूक व्हायला नको.

बांबूंच्या मधल्या जागेतून आम्ही तसेच बाहेर पडलो, आणि त्याच जागेतून धरमसिंग सायकलवर आत शिरला. जाताना त्यानं मला सलाम ठोकला. रिंगण एक क्षणही रिकामं राहिलं नाही.

मग भोंगा जागा झाला. "पाय टेकला नाई!" देवमनभाऊंचा आवाज आनंदानं चिरकत होता. "केनवडच्या रिंगनातून मानूस पाय न टेकता गेला! आनि न्याले कोन आलं? आमची मास्तरीन, सोता सायकल चालवत! हाये काय शेलूबाजारात असं? हाये काय अकोल्या जिल्ह्यात?"

वाजंत्री अशी वाजली, की मैदानाकडेचे बैल दावी तोडायला निघाले. मागे पाहिलं तेव्हा बाबा रस्त्याच्या मधोमध उभे होते, स्वतःच्या हातानं खडी पसरलेल्या रस्त्यावर, कमरेवर हात ठेवून. त्यांच्या शेजारचा कोणीतरी त्यांना काही विचारत होता. वाऱ्यावर बाबांचं उत्तर आलं : "माही पोरगी हाये."

*

गावाबाहेर मेहकरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी काळं रान, मधे मधे तुरीचं पिवळं, आणि पलीकडे पायऱ्यांसारखे चढत गेलेले सपाट माथ्याचे डोंगर. उन्हं कलली होती. पुलाजवळ मी म्हटलं, "आता टेका."

त्यानं पाय टेकला आणि सायकलसकट रस्त्याच्या कडेला बसलाच. बसल्या बसल्या हसत होता. मी उभीच होते. हँडलवर माझा हात तसाच.

"मी काल येतानाच तुमचं नाव विचारणार होतो," तो म्हणाला. श्वास आला, तशी पुस्तकी भाषाही परत आली. "तुम्ही फार लवकर उताराला लागलात."

"वऱ्हाडीत बोला. ते खरं वाटतं."

तो खाली बघत, बोटानं मातीत काही तरी उगाच ओढत म्हणाला, "मले तुमी आवडल्या. चढावरच. शीळ घालाची थांबलो नं, तवा."

रानात कुठेतरी तित्तिर बोलला.

"काही म्हनाल काय?"

"एस.टी. येतेय," मी म्हटलं.

खरंच येत होती. रात्रभराचा जागा माणूस मेहकरपर्यंत सायकल मारणार म्हणजे नालीत झोपणार. मी हात दाखवून गाडी थांबवली. सामान गावातच राहिलं होतं. ते मी देवमनभाऊंना सांगून उद्याच्या गाडीनं पाठवणार होते. कंडक्टर टपावरून दोर सोडून वाकला. खिडक्या खिडक्यांतून माणसं डोकावली. आमची बातमी पोचायच्या आधी आम्हीच पोचलो होतो.

"आनि नाव काय सांगू मायले?" इंद्रभाननं विचारलं.

"रुख्मिणी. पुंजाजी मुकादमाची." थांबले. "त्यांना घेऊनच या. आणि लवकर या, चंपाबाई फार दिवस गप्प बसायच्या नाहीत."

"ओ बाई!" कंडक्टर वरून ओरडला. "हँडल सोडा की, सायकल वर घ्याची हाये!"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. तो अजून हँडलवर होता. आत्तापर्यंत मला त्याचं भानच नव्हतं; आता आलं, तरी तो हलत नव्हता. इंद्रभान माझ्याकडे बघत होता, कंडक्टर बघत होता, सगळी गाडी बघत होती.

"घ्या," मी कंडक्टरला म्हटलं, आणि इंद्रभानकडे बघून, शेवटच्या खिडकीतल्या म्हातारीलाही ऐकू जाईल अशा आवाजात, "सायकल सोडते. मानूस मी साऱ्या गावासमोर धरलाय, तो सोडाची आमच्यात रीत नाई."